लागत नाही

आमच्या घरात 'परवडत नाही' असं कुणी कधी म्हटलं नाही.
म्हणायचे : आपल्याला लागत नाही.
रंगपेटी बारा रंगांची; चोवीस लागत नाहीत.
सायकलला घंटी लागत नाही, तोंड आहे.
सुट्टीत महाबळेश्वर लागत नाही,
पर्वती आहे की, आणि फुकट आहे.

भाऊ खडकीहून यायचे, स्वारगेटला उतरायचे
आणि धनकवडीपर्यंत चालत.
पुढच्या तिकिटाचे साठ पैसे
घरी आल्या आल्या फॅरेक्सच्या डब्यात,
चपला काढायच्याही आधी.
ठण्ण.
त्या आवाजावर आई कुकर लावायची.

डबा कशासाठी, हे मी विचारलं नाही.
विचारणंही बहुधा लागत नव्हतं.

नीलांबरी पोकर्णा माझ्या बाकावर बसायची.
तिच्या घरी जेवताना पैशांवर बोलत,
आम्ही भाजीवर बोलायचो तसं, चवीनं.
एकदा तिच्या वडिलांचे हळदीत साठ हजार बुडाले
आणि ते डाळ वाढून घेत म्हणाले,
'गेले तसे येतील. हिला पापड द्या अजून एक.'
त्या रात्री मी अंधारात भागाकार केला :
साठ हजार भागिले साठ पैसे.
एक लाख संध्याकाळी, पायी.

बारावीनंतर मला अहमदाबादला प्रवेश मिळाला,
इमारती कशा उभ्या करतात ते शिकायला.
पत्र मीच आधी वाचलं, घडी घातली,
आणि कुणी काही बोलायच्या आत
मीच म्हणाले, लागत नाही.
भाऊंनी पाठीवर हात ठेवला.
समजूतदार आहे, म्हणाले.
तो एक शब्द मी एकतीस वर्षं पुरवून पुरवून वापरला.

तक्रार नाही.
टिळक रोडवरच्या ऑफिसात
दुसऱ्यांच्या इमारतींची बिलं पास करते.
सुखी आहे का? आहे.
ते सुख आहे की सवय, एवढंच कळत नाही;
मीठ-साखर एकाच घाटाच्या डब्यांत भरलेली,
आणि चाखायची घाई मी कधी केली नाही.
नीलांबरीनं दोन दुकानं बुडवली, तिसरं चालतं.
भेटली की मोठ्यानं हसते, पर्समधून गोळी काढते.
'रक्तदाब गं,' म्हणते, 'व्याजासकट वाढलाय.'

गेल्या रविवारी ऋजुता म्हणाली,
हिंजवडी सोडतेय. भट्टी घेणार, मातीची भांडी करणार.
सात-एक लाख कमी पडतायत.
माझं तोंड उघडलं. शब्द तयारच होता
जिभेवर, वापरून गुळगुळीत झालेला.

त्याआधी पलंगावरून भाऊ बोलले.
त्र्याऐंशी वर्षांचे, कानाला यंत्र लागत नाही म्हणणारे.
सगळं ऐकू आलं होतं.
म्हणाले,
'किती लागतात?'

शब्द तोच.
फक्त 'नाही' गळून पडलेलं,
बरेच दिवस हलत असलेल्या दातासारखं.

त्यांनी पासबुक मागितलं.
मी आत जाऊन ओटा पुसला. पुसलेलाच होता.
मला आनंद झाला, हे खरं.
आणि पोटच्या पोरीचा हेवा वाटला,
हेही लिहून ठेवते; हिशेबात लपवू नये,
भाऊंनीच शिकवलंय.
हा प्रश्न तेव्हाही त्यांच्या ओठांवर होता का,
आणि मीच घाई केली का?
विचारता आलं असतं. जागे होते ते.

काल ऑफिसातून निघाले, रिक्षा केली.
मीटरकडे पाहायचं नाही असं ठरवून
मीटरकडेच पाहत बसले.
पद्मावतीला म्हटलं, थांबवा.
घर अजून लांब होतं. तेवढं चालले.
मुठीत सुटे पैसे, घामेजलेले.
घरात शिरल्यावर हात सवयीनं फळीकडे गेला.
डबा जागेवर नव्हता.
ऋजुतानं त्यात माती भिजत घातलीय.