आधी खूण पुसायची

गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
मी एका खऱ्या यंत्राच्या पोटात खोटं यंत्र चालवते.
आपण खोटे आहोत हे त्याला ठाऊक नाही.
ते लिहीत राहतं स्मृतीच्या पानांवर, रात्रंदिवस,
आणि आम्हाला ते तसंच, लिहिता लिहिता,
उचलून दुसरीकडे न्यायचं असतं.

कुठलं पान बदललं?
सगळी पानं पुन्हापुन्हा पाहत बसणं
म्हणजे बाबांची नोकरी.
पाचपावलीत दारोदार विजेच्या मीटरचे आकडे,
मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा,
कुलूपबंद घरापुढेही थांबायचं.
"चाक फिरलं नसन तरी पाहाच लागते," म्हणायचे,
"न पाहता लिहिलेला आकडा म्हणजे चोरी."

मी चोरीच करते, बाबा.
प्रत्येक पानाला आधी कुलूप घालते.
लिहायला येणारा पहिल्यांदा दारात अडखळतो,
तेवढ्यात त्या घराच्या नावापुढे एक टिंब,
आणि कुलूप काढून त्याला आत सोडते.
मग चौसष्ट घरांची गल्ली एका नजरेत.
टिंब नाही? पुढची गल्ली.
तुमचा अख्खा दिवस
माझा चहा निवायच्या आत संपतो.

एक चूक मात्र अकरा दिवस सापडेना.
हलवलेलं यंत्र कधीमधी
जुनीच ओळ खरी धरून चालायचं.
शेवटी प्रणोती मौंदेकरने बोट ठेवलं:
मी पान उतरवून घ्यायचे, मग टिंब पुसायचे.
मधल्या फटीत कुणी काही लिहिलं
तर त्याची खूणही माझ्याच हाताने जायची.
"उलटं कर. आधी पूस, मग उतरव.
फार तर एखादं पान दोनदा येईल.
येऊ दे."

रविवारी लष्करीबागेत गेले, घरी.
अर्ध्या तासाचं अंतर. दिवाळीनंतर पहिल्यांदा.
तेव्हा बाबांना नीट पाहिलं होतं,
'ठीक आहेत' म्हणून निघाले होते.
आता कूलरमध्ये पाणी ओतताना
बादली दोन्ही हातांनी धरतात,
आणि डावी चप्पल एका कडेने पार झिजलेली.
"हे कधीपासून?"
"तू तिकडे गल्लीत वळली ना,
इकडे पायरीवरून पाय सरकला. तवापासून."
मीटरचा आकडा सांगावा तसं सांगितलं.

मी काही बोलले नाही.
फाटकापर्यंत परत गेले, चप्पल काढली,
आणि आत्ताच आल्यासारखी
आत आले.