तुटलेल्या तारेची नोंद

अमरावती रोडवर मे महिना.
प्रयोगशाळेतला कूलर कोरडाच खडखडतोय
आणि मी काळ्या कागदात गुंडाळलेल्या कुपीपाशी
श्वाससुद्धा जपून घेते.

आत रुथेनियम आहे.
वीस दिवस शिजवलं, गाळलं, पुन्हा शिजवलं,
तेव्हा हाती आली ही चिमूट.
संत्र्याचा रंग म्हणू नका,
इथे सगळेच म्हणतात.
मला तो विटेच्या भुकटीचा वाटतो.

पाण्यात ते मुकं.
निळा उजेड द्या, हलवा, काही बोलत नाही.
वासराच्या डीएनएचा एक थेंब पडला
की आतून लालसर उजळतं.
म्हणजे घुसलं.
शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये
सपाट हात सरकवून बसलं,
पायऱ्या हटल्या,
पीळ जरा सैल झाला.

तांडापेठेत बाबांचा माग अजून उभा आहे.
त्यावर आता गाद्या ठेवतो.
रविवारी त्यांना हे समजावत होते
ताण्याच्या दोन तारांत बोट घालून
(तारा नव्हत्या, चादरीच्या दोन रेघा होत्या).
"तारा सरकल्या म्हंजे लांबी वाढली अशीन."
वाढते, बाबा. मोजलीय मी.
काचेच्या बारीक नळीतून तो द्राव
आता अकरा सेकंद उशिरा उतरतो.
"आन् तोडते कायनं?"
उजेडानं.
उजेड खाऊन ते बाजूच्या प्राणवायूला पिसाळवतं,
आणि तो चावतो जवळ असेल त्याला,
बहुतेकदा ग्वानीनला.
"कोनाची तार हाय, थे पाह्यत नाई?"
नाही.
बाबा गप्प झाले. विडी विझवली.

आज रात्री नऊला जेल उतरवलं.
धनविजयकाकांनी दिवे घालवले.
पहिल्या खान्यात नुसता डीएनए,
घट्ट गुंडाळी, खालपर्यंत पळालेली.
दुसऱ्यात रुथेनियम होतं, पण अंधारात ठेवलेलं:
जवळजवळ तसंच.
तिसऱ्यानं वीस मिनिटं उजेड पाहिला.
त्याचा पट्टा वरच अडकलाय,
फुगलेला, सुटलेला,
मुक्कामाला न पोचलेला.
दोन तारांपैकी एक तुटली आहे.
एकच पुरते.
"झालं का?" काकांनी विचारलं.
झालं, म्हणाले. आणि मला आनंद झाला,
तुटल्याचा,
हे इथे लिहून ठेवते.

जेवण झाल्यावर बाबांना फोन केला.
पट्ट्याचं सांगितलं, टक्के सांगितले.
"मंग जोडते कोन?"
पेशीच जोडते, बाबा.
चावलेला तुकडा कापून काढते,
समोरची तार पाहून नवा विणते.
"गाठीतली बी?"
गाठीतलीसुद्धा.
तीच तर अडचण आहे.

तिकडे कुणीतरी पंखा वाढवला.
चाळीस वर्षं अंगठा आणि तर्जनीत
तुटलेली तार वळवणारा माणूस
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"मंग थे बी कोष्टीनच हाय."

वहीच्या समासात लिहिलं:
उद्या चाळीस मिनिटं उजेड.
कूलरमध्ये पाणी भरायला सांगणे.