हरकत

सहा माग भंगारात गेले, किलोवर.
धोटे घेतले नाहीत त्यानं, लाकडाला भाव नाही.
तेवढे आईनं चुलीच्या कोपऱ्यात रचून ठेवले.
शेड रिकामी झाली
आणि शेजारच्या गाजूलांकडे पोपट आहे
हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

मग मी अर्ज केला. परमिट रूम.
राज्य उत्पादन शुल्क, दोन प्रती, फोटो, चलन.
अर्जदार: अंबादास नरसय्या इराबत्ती.
वडिलांचा व्यवसाय: विणकर, मयत.
कशानं मयत, असा रकाना नाही.

नकाशा सात रस्त्याच्या एका पोरानं काढला.
मागांच्या जागी टेबलं, तीही सहाच.
कांड्या भरायची जागा, तिथं वॉशबेसिन.
आणि शनिवारी मजुरी हातात पडल्यावर
वडील जिथं पालथे पडायचे
नेमका तिथं त्यानं लिहिलं: काउंटर.
त्याला काय माहीत.

चारित्र्याच्या दाखल्याला चौकीत गेलो.
पितोस का बे? हवालदारानं विचारलं.
नाही म्हणालो.
मग विकणार कसा? चव कोण बघायचं?
हसत हसत शिक्का मारला त्यानं.

मोजणीला साहेब आले, टेप घेऊन.
शेडच्या दारापासून मारुतीच्या पायरीपर्यंत
एकाहत्तर मीटर. लागतात पंचाहत्तर.
पुन्हा धरा, म्हणाले,
माणूस चालत जाईल तसं, गटाराच्या कडेनं, खांबाला वळसा घालून.
ब्याऐंशी भरले.
मारुती होता तिथंच होता.

शटरवर नोटीस चिकटवली. तीस दिवस.
गाजूल म्हणाले, हरकत नाही, फक्त गाणी हळू लाव.
कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, हरकत कसली,
चकण्याला शेंगा माझ्याकडनंच घे.
विडी कारखान्याच्या बायका
पानांची बोचकी काखेत घेऊन थांबल्या,
एकीनं वाचून दाखवलं,
कुणी काही बोललं नाही. गेल्या.

एकच हरकत आली.
वहीचा फाडलेला कागद, अक्षर माझ्या भाचीचं,
खाली जांभळा अंगठा.
नाव: नरसम्मा.
अर्जदाराशी नातं: आई.
पत्ता: अर्जदाराचाच.

त्या महिन्यात तिनं मला रोज जेवायला वाढलं.
आमटीत मीठही बरोबर होतं.

सुनावणीला आम्ही एकाच रिक्षातून गेलो.
साहेब म्हणाले, बोला आजी.
ती तेलुगूत बोलली. उभ्यानं, दहा मिनिटं.
हजार विड्या वळल्यावर बोटं कशी होतात ते.
शेठच्या फाटकापाशी शनिवारी
नवऱ्याच्या आधी पोचायची शर्यत,
ती ज्या शनिवारी हरली ते शनिवार.
शिंदीच्या दुकानात गहाण पडलेली लाल चादर,
माझ्या बारशाची,
हे मला माहीत नव्हतं.
शेवटी एकच शब्द तीनदा म्हणाली,
वद्दु. वद्दु. वद्दु रा.

साहेबांचं पेन कागदाच्या वर थांबलं.
काय म्हणतात त्या?
खोलीत तेलुगू येणारा मीच एकटा.

पंखा फिरत होता. चलनाची पावती माझ्या खिशात होती.
त्या म्हणतात, मी म्हणालो,
अंतर कमी पडतंय.

कुठून कुठपर्यंत?

मी आईकडे पाहिलं.
तिला वाटलं मी नीट सांगितलं असणार,
ती मान हलवत होती.

मोजलेलं नाही साहेब, म्हणालो.
त्यांनी तसंच लिहून घेतलं.

येताना ती म्हणाली, फी परत देतात का रे?
नाही.
किती होती?
सांगितली.
ती बोटांवर हिशेब करू लागली, विड्यांत,
हजाराला एवढे, म्हणजे लाखाला एवढे,
अशोक चौक आला, रिक्षा थांबली,
मी सुटे पैसे शोधले, दिले,
तिचा हिशेब चालूच होता.