एक वीत अंतर

एलेओदोरो चिग्वायनं काउंटरवर घड्याळ ठेवलं
डाव्या हातानं. उजवा अजून त्याचं ऐकत नव्हता.
घड्याळ कसलं, पाणबुड्याचा जाड काळा डबा,
खोली मोजणारा, मिनिटं मोजणारा,
ना तार, ना भोक, ना खाच.
कडेला फक्त उडदाएवढी लालसर काच.
"यातून बोलतो तो," म्हणाला,
"पण ऐकणारं यंत्र आता केयोनमध्ये कुणाकडे नाही."

माझ्याकडे होतं.
बंदर-कचेरीनं भंगारात काढलेला लॅपटॉप,
विंडोज अठ्ठ्याण्णव, एक बिजागरी तुटलेली.

कंपनीचं पत्र त्यानं चौघडी करून आणलेलं:
कामगार नियम मोडून घाईनं वर आला,
सबब भरपाई देय नाही.
सोमवारी सुनावणी.
"नऊ मीटरवर थांबलो होतो मी," एवढंच बोलला
आणि शेगडीपाशी जाऊन बसला.

आधी बायोसमध्ये शिरले.
इन्फ्रारेडला तिथं कुणीतरी बारा वर्षं निजवून ठेवलेलं.
उठवलं.
नवं हार्डवेअर सापडलं, यंत्र म्हणालं,
आणि लगेच: सापडलं, पण ओळखलं नाही.
डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह,
दारात पाहुणा उभा
आणि घरात कुणाला त्याचं नाव आठवेना.

सीडी मागितली. सीडीवर ओरखडा.
फ्लॉपी दिली. तिच्यावर ड्रायव्हर भलत्याच चिपचा.
पुन्हा सुरू करा, म्हणे. केलं.
पुन्हा. केलं.
पोर्ट अडवून बसला होता मोडेम,
फोनची तार कधीच तुटलेली, तरी जागेवरचा हक्क सोडेना.
उपटला.
एलेओदोरो डाव्या हातानं ओली लाकडं सारत होता,
एकदाही विचारलं नाही, किती वेळ.

दहाच्या सुमारास उद्गारचिन्ह गेलं.
दोघांना समोरासमोर बसवलं, काचेला काच, एक वीत अंतर.
काही नाही.
ट्यूबलाइट मालवली. काही नाही.
मग माझं लक्ष शेगडीकडे गेलं.
विस्तवही त्याच भाषेत बोलतो की,
फक्त फार मोठ्यानं.
"दार लाव तिचं," मी म्हटलं.

अंधारात लॅपटॉप दोन सुरांत किणकिणला.

रेघ उमटत गेली, डावीकडून उजवीकडे, मुंगीच्या पावलांनी.
खाली अठ्ठावीस मीटर.
मग वर. नऊवर सपाट, चार मिनिटं.
खरं बोलला होता.
मी मान वर करणार, तेवढ्यात रेघ
पुन्हा खाली वळली.
सतरा. तेवीस. अठ्ठावीस.
तिथं दोन मिनिटं.
आणि मग सरळ वर, कुठंही न टेकता.

"हे काय?"

बराच वेळ नुसती लाकडं तडतडली.
"निबाल्दो. माझ्याच कॉम्प्रेसरवर होता.
पिंजऱ्याच्या जाळ्यात पाय, नळीला पीळ."
"मग हे सांगत का नाहीस?"
"कागदोपत्री तो पाण्यात नव्हताच. सतरा वर्षांचा आहे.
त्याची आई त्यांच्याच शेडमध्ये मासे सोलते."

मग हळूच,
औषधाच्या दुकानात अर्धी पट्टी मागावी तसं,
"नऊपर्यंतचीच रेघ देता येईल?"

नाही, मी म्हटलं.
(येते. खरं तर दोन मिनिटांचं काम.)

अख्खी रेघ फ्लॉपीवर उतरवली,
त्यानं ती शर्टाच्या खिशात ठेवली, वरून बटण लावलं,
एका हातानं बटण लावायला किती वेळ लागतो
ते मी पाहत राहिले, मदत केली नाही.
पैसे घेतले नाहीत. काउंटरखाली शिंपल्यांची पिशवी
सकाळी सापडली.

तो घड्याळ उचलून दारापर्यंत पोचला असेल,
पडद्यावर कोपऱ्यात अक्षरं आली:
उपकरण कक्षेबाहेर गेलं.
मी शेगडीचं दार उघडलं.