लाडखेड फाट्यावर

दोन गाड्या उभ्या हायत माया टपरीसमोर.
एक ढोमणे सरांची, इथलीच, पांढरी,
एक डॉक्टर गुल्हाने बाईची, जहाजातून आलेली.
आकारानं सारख्याच, एका कोंबडीची दोन अंडी.

सर इचारतात, "खरं सांग गा, कोणती बरी?"

आता खरं म्हणजे, सर,
नाल्यापाशी रस्ता खचला तिथं
बाईच्या गाडीचं पोट घासते, दरवेळी.
तुमची जाते बकरीवानी, पाय उचलून.
तुमचा आरसा फुटला तर यवतमाळवरून
दुपारच्या एष्टीनं आला, कंडक्टरच्या मांडीवर बसून.
तिचा फुटला तवा अकरा हप्ते
म्या माया दाढीचा आरसा बांधून देला, तारानं.
लिटरमागं तुमची दोन किलोमीटर जास्त.
अन् तिच्या किमतीत तुमच्यासारख्या अडीच.

सर खुश. डायरीत लिहून घेतलं,
अडीचखाली रेघ मारली.

एक नाई सांगितलं त्यायले.
टपरी बंद करता करता एक दिवस
बाईच्या गाडीत बसलो होतो.
चाबी मायापाशीच होती.
दार ओढलं.
थप्प.
हायवेचा ट्रक, कुत्रे, बाजूच्या वावरातलं थ्रेशर
सारं तिकडच्या तिकडं.
मंग कुठून तरी टिकटिक.
डॅशबोर्ड पायला, सीटखाली पायलं.
मनगटावरचं घड्याळ होतं,
जे बंद पडलं म्हणून
दोन वर्सं म्या नुसतं घालत होतो.

डायरीत याले रकाना नोता.

सरांचं दार दोनदा आपटा लागते.
आपटलं. लागलं.
ऑइलचे धरून सातशे घेतले.