चोर, हिंग, तास

मेक, येर्कु, येरेक, चोर्स, हिंग,
सलोमीच्या घरमालकीणबाई
येरेवानमध्ये दोरे मोजतात
आणि मिरजेत मला ऐकू येतं
मेख, चोर, हिंग.
आठाला त्या म्हणतात उत,
दहाला तास.
एवढीच आर्मेनियन मला येते.

भाची तिकडे डॉक्टरकी शिकते.
पहिल्या हिवाळ्यात जेवेना, बोलेना,
फोन लावला की भिंत दाखवायची.
भिंतीवर चौकटीत एक रुमाल,
पांढऱ्यावर पांढरं काम.
काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
ते काय गं?
तिनं हास्मिकबाईंना हाक मारली.
असा सुरू झाला हा क्लास.

दोरा घालायच्या आधी दोरे काढायचे.
चार काढा, चार ठेवा,
उभे तसेच आडवे.
उरलेल्यांना वेढे देत देत काड्या करायच्या,
काड्यांची जाळी,
जे नाही त्याच्याभोवती सगळी नक्षी.
चांगल्या कापडाला कात्री लावायला
माझा हात धजेना.
चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली,
तरी धजेना.
मग कपाटातला गॉज घेतला.
त्याचे दोरे मोजता येतात
चष्म्याशिवायसुद्धा, जवळजवळ.

मोजणं माझं जुनं.
पोट उघडताना वीस मॉप,
मिटताना वीस.
एका रात्री एकोणीस भरले.
सर म्हणाले, सिस्टर, पुन्हा मोजा.
पुन्हा एकोणीस.
सर ओरडले.
मी सुई वर धरून ठेवली, दिली नाही.
साऱ्या नोकरीत तेवढाच उद्धटपणा.
चाळीस मिनिटं ते पोट उघडं,
भूलवाले घड्याळाकडे बघत,
आणि विसावा सापडला
सरांच्याच बुटाच्या तळाला,
रक्तानं चिकटलेला.
कोणी हसलं नाही.
ती बाई बेडगची. पुढं बाजारात मेथी विकायची.
मला ओळखत नव्हती.
मी तिच्याकडून जुड्या मोजून घ्यायचे.

इथं चुकलं तर कोणी मरत नाही
हे हाताला पटायला वर्ष गेलं.
आता खादीवर करते.
परवा तीन ओळी पुढं गेल्यावर दिसलं,
मागं एका ठिकाणी तीनच धरलेत.
कॅमेऱ्यासमोर धरलं.
हास्मिकबाईंनी चष्मा कपाळावर नेला
आणि च्च केलं.
त्याला दुभाषी लागत नाही.
उसवलं.

सलोमी आता जेवते, भांडते,
संध्याकाळी लायब्ररीत असते.
मधे बोलायला कोणी नाही.
दहा आकडे, दोन टेबललॅम्प,
त्यांचं घड्याळ दीड तास मागे.
एकदा त्यांनी नकाशा पसरून बोट ठेवलं
आजीच्या गावावर, सीमेपलीकडे,
जिथून ही जाळी आली.
बोट बराच वेळ उचललं नाही.
मी काय बोलणार,
माझ्याकडे आकडेच.
कापड धरून बसून राहिले.

खाली गल्लीत कोणी जवारी घासत होतं,
थांबून छेडायचं, पुन्हा घासायचं.
हास्मिकबाईंनी भुवईनं विचारलं, काय?
सतार, म्हटलं.
तार! म्हणाल्या,
आणि छातीशी काहीतरी धरल्यासारखं
हवेत वाजवून दाखवलं.
तिकडेही असते म्हणे. तार.

काल त्यांनी मला मोजायला लावलं,
माझ्या भाषेत.
एक, दोन, तीन, चार,
चारला हात वर केला.
चार, म्हणाल्या. चोर्स. चार.
दोनदा म्हणाल्या, चव बघावी तसं.
पुढं पाच, सहा, सात
आणि स्वयंपाकघरात दूध.
उतलं, उतलं! ओरडत मी उठले,
त्यांना वाटलं आठ.

ओटा पुसून परत आले
तर आठवा दोरा वेढून
त्या तिथंच थांबलेल्या,
सुई वर धरून.