दोन भिंतींमधलं काही नाही

ओउलूत जानेवारीत साडेदहाला उजाडतं,
म्हणजे उजाडलं असं म्हणायचं.
त्याआधीच राइली बाल्कनीत उभी.
अंगात नवऱ्याचा जुना कोट,
समोर कठड्याशी ओळीनं अकरा थर्मास,
रात्री आठला उकळतं पाणी भरून ठेवलेले.
उणे चोवीस.
ती झाकण फिरवते, तापमापी बुडवते,
आकडा मोठ्यानं वाचते, मी लिहितो.
एकसष्ट. चौपन्न. एकोणसाठ.
सातव्यापाशी थांबते,
पुसून पुन्हा बुडवते.
एकतीस.
दिसायला हाच सगळ्यांत देखणा.

सातव्याच्या कंपनीनं खोकं धाडलं होतं:
सहा थर्मास फुकट, वर लोकरीचे हातमोजे,
आणि हातानं लिहिलेली एक चिठ्ठी, गोड.
राइलीनं हातमोजे घालून पाहिले.
"ऊब आहे," म्हणाली.
मग काढले, घडी घातली,
टपालखर्च पदरचा घालून खोकं परत केलं
आणि दुकानात रांगेत उभी राहून
तोच थर्मास विकत आणला.
पावती वहीत डकवली.
मी म्हणालो, हातमोज्यांनी काय बिघडलं असतं?
"काहीच नाही.
मिंधेपणानं काहीच बिघडत नाही.
नुसतं एकतिसाचं छत्तीस करावंसं वाटतं."

आमच्या यादीत पहिलीच ओळ असते:
आमच्या वाटेनं जाऊन तुम्ही काही विकत घेतलंत
तर त्यातले चार पैसे आम्हाला मिळतात.
हिशेब बघणारा वेयो म्हणायचा,
हे तळाशी घालू, बारीक अक्षरात,
सगळे तसंच करतात.
राइली म्हणायची,
बारीक अक्षरासाठी लोक चष्मा काढतात पिशवीतून,
आणि एकदा चष्मा लावलेला माणूस
मग सगळंच वाचतो.

भिंतीवर एक पत्र टाचलंय, केमियार्वीच्या ताउनोचं.
दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो.
सुपानं गोठलेला?
तो पत्र लिहितो:
"तळ्यावर बर्फाला भोक पाडून बसलो होतो.
तुमच्या पहिल्या नंबराचं झाकण
दुसऱ्या हिवाळ्यात गळलं.
सूप विजारीवर सांडून कडक झालं.
मासा एकही नाही.
तुम्ही हा किती दिवस वापरला होता?"

आठ दिवस.

त्या संध्याकाळी कुणी फारसं बोललं नाही.
वेयो म्हणाला, पान बदलून टाकू, कुणाला कळणार.
राइलीनं जुनी स्तुती तशीच राहू दिली, शब्द न शब्द,
आणि तिच्या डोक्यावर तारीख घालून लिहिलं:
इथे आम्ही चुकलो. झाकण गळतं.
आठ दिवसांत ते आम्हाला कळणं शक्य नव्हतं,
तरी कळल्यासारखं लिहिलं.

मार्चपर्यंत मिळकत खाली आली.
वेयोचा आलेख मी पाहिलाय,
घसरगुंडीसारखा.
पुढे पत्रं वाढली, ती बहुतेक तक्रारींची:
बूच फुगतं, रंग उडतो, दांडी सैल होते.
राइली ती वाचताना खुश दिसायची,
का, ते मला बरेच दिवस समजेना.

आज तिनं सातवा करवतीनं कापला.
आत एक भिंत, बाहेर एक भिंत,
पत्रा इतका पातळ की बोटाला लागेल.
मी विचारलं, मध्ये काय असतं?
"काही नाही. असायलाच नको.
या सातव्यात कुठूनतरी थोडी हवा शिरली होती."
कठड्यावर अर्धा सातवा ठेवून ती आत गेली,
हात चुलीपाशी धरून बसली, बिनमोज्यांचे.

ताउनोचं नवं कार्ड आलंय.
सहा शब्द: या वर्षी कुठला घेऊ, सांगा.
यादी तयार आहे. पहिला नंबर एकसष्टवाला.
वेयो म्हणतो, टाकू या, हंगाम चाललाय.
राइली पेन्सिल चावते,
कार्ड उलटं करते,
उत्तर लिहिते:
थांबा. अजून एक हिवाळा वापरून सांगते.
तोवर जुन्याच्या झाकणाला दोरी बांधा.